धावपट्टीवरचं पान

४ नोव्हेंबर, मंगळवार

विमान आलं. बत्तीस मिनिटं उशीर. सहा उतरले, चार चढले. चौघांनाही मी स्वतः काट्यावर उभं केलं. पास्टरची बायको गेल्या महिन्यापेक्षा तीन किलो जास्त. म्हणाली, पिशवीत तारोचे कंद आहेत. पिशवी मी आधीच वेगळी मोजली होती. दोन्ही आकडे लिहिले. एकोणीस वर्षं तालिवोआच्या धावपट्टीचा एजंट आहे. गावातल्या प्रत्येकाचं वजन मला पाठ आहे आणि एकाचंही मी आजवर बाहेर फोडलेलं नाही. सरकारला अशा माणसाची किंमत नाही.

किंमत नाही हे आजच कळलं. पायलटने खिडकीतून दोन पाकिटं दिली. पहिलं विमान खात्याचं: बेटावर एक डांबरी धावपट्टी मंजूर, ती वालुरेला. वालुरे! डोंगरापलीकडे, पश्चिमेला. तिथला एजंट लेव्ही. त्याच्याकडे काटासुद्धा नाही. माणसाला काखेत धरून उचलतो आणि अंदाजाने आकडा लिहितो.

दुसरं पाकीट एल्सीचं. राजधानीत, विलाला, नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. बेटामागे एकच जागा असते, ती यंदा आमच्या मुलीला. नऊ फेब्रुवारीला स्वतः हजर व्हायचं. डोरीन रडली. एल्सीने पत्र तीनदा वाचलं आणि मला विचारलं, बाबा, फेब्रुवारीत विमान नक्की असेल ना?

माझ्या मुलीने हे मला विचारावं! विमान माझ्या हातात आहे.

५ नोव्हेंबर

निवेदनाला सुरुवात. माननीय मंत्री यांस. तीन भाग: भूगोल, सरकार, अर्थकारण. मंत्री शहरातले, त्यांना बेट बोट धरून दाखवावं लागतं.

भाग एक तयार. बेट तेवीस मैल लांब, आकार आडव्या पडलेल्या डुकरासारखा. मधोमध डोंगर. पूर्वेला तालिवोआ, पश्चिमेला वालुरे. पायी दोन दिवस, नद्या तीन, पूल शून्य. पूर्वेला धक्का नाही, बोट लांब उभी राहते आणि होडीने जावं लागतं, तेही समुद्राची मर्जी असेल तर. म्हणजे पूर्वेकडच्या अकराशे माणसांना बाहेर पडायला दार एकच, आपली गवताची धावपट्टी. ती बंद झाली तर देशाचं काय होईल?

शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. बंद झाली तर!

डोरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, देशाला काही होणार नाही, आपलं होईल. तिला राजकारण कळत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

तोआ मामांकडे गेलो. आमच्याकडे जमीन आईच्या बाजूने येते. धावपट्टीखालची जमीन मामांची, त्यांच्यानंतर माझी. शिवाय मामा गावाचे प्रमुख. गावात नामेलेचं, म्हणजे बंदीचं, पान लावायचा अधिकार फक्त त्यांना.

म्हटलं, मामा, धावपट्टीवर पान लावायचं.

मामांनी मुळं कुटून केलेल्या कावाची करवंटी रिकामी केली, दोनदा थुंकले आणि म्हणाले, भाच्या, दोन पानं फुलीसारखी रोवायला किती वेळ लागतो? मग पोलीससुद्धा पलीकडे पाय टाकणार नाही. पण ज्याने लावलं त्यानेच काढायचं असतं. आणि काढताना वाकड्या सुळ्यांचा डुक्कर मारावा लागतो. आहे तुझ्याकडे?

म्हटलं, सरकार देईल.

मामा म्हणाले, सरकारने या गावाला आजवर दिलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे तुझा वजनकाटा.

तिसऱ्या करवंटीनंतर कबूल झाले. माणसं वळवता यायला हवीत.

अंदाज: तीन दिवसांत फोन. आठ दिवसांत मंत्री. पानासमोर मंत्र्याला उभं राहावंच लागेल, प्रथाच आहे. मामा पान काढतील, मंत्र्याचं विमान उतरेल. परत जाताना त्यात जागा असणारच. एल्सी त्या विमानातून जाईल. मंत्र्याच्या शेजारच्या सीटवर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सातला पान लागलं. शाळा सोडली होती. मी दहा मिनिटं बोललो, वाऱ्यामुळे मागे ऐकू गेलं नाही.

सव्वादहाला विमान आलं. पायलट सान्तो बेटावरचा पोरगा, त्याला पान कळतं. खाली आला, पाहिलं, दोन फेऱ्या मारल्या. मी हात वर करून त्याला थांबवल्यासारखं केलं. त्याने पंख हलवले आणि डोंगरावरून वालुरेला निघून गेला.

सरकार हादरलं.

१४ नोव्हेंबर

त्या विमानात पास्टरची बायको होती. वालुरेला उतरून दोन दिवस चालत आज पोहोचली. सगळ्या गावादेखत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, सायलस, आता कर माझं वजन.

लोक हसले. मीही हसलो. नेत्याला हसता आलं पाहिजे.

मोबाइलला रेंज फक्त चर्चमागच्या टेकडीवर येते. चार तास बसलो. फोन नाही. मिटिंगमध्ये असतील.

१८ नोव्हेंबर

भाग दोन, अर्थकारण. (सरकार हा भाग तिसरा केला. सरकार काय करतं ते पाहून लिहिलेलं बरं.)

खोबरं, कावा, नारळी खेकडे, आणि न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेले मेव्हणे. यावर पूर्व किनारा जगतो. यातले खेकडे जिवंत जावे लागतात, शुक्रवारच्या विमानाने, विलाच्या हॉटेलांत.

हे लिहीत असतानाच शेजारची एस्तेर आली. तिचे आठ खेकडे दहा दिवस टोपलीत बांधून पडलेत. दोघांनी दोऱ्या कापल्या. एक सापडला नाही. दुसरा चर्चमध्ये सापडला, प्रार्थनेच्या वेळी. एस्तेर म्हणाली, उरलेले सहा तूच घे, आणि तुझा मंत्री आला की त्याला वाढ.

चार घेतले. चांगले होते.

डोरीन आणि आणखी चौघी विमानाच्या दिवशी धावपट्टीच्या कडेला लापलाप विकायच्या. पानात गुंडाळून भाजलेलं, नारळाच्या दुधातलं, पायलट दोन घ्यायचा. डोरीन म्हणाली, पाच घरांची चूल त्या गवतावर पेटत होती, ती तुम्ही एका पानाने विझवलीत. वाक्य चांगलं आहे. निवेदनात सरकारला उद्देशून घातलं.

२५ नोव्हेंबर

मोठी बातमी! रेडिओवर सांगितलं, राजधानीत सरकार पडलं. अविश्वास ठराव, एका मताने. विमान खात्याचा मंत्री गेला.

चौदा दिवसांत सरकार पाडलं. मी स्वतः इतकं अपेक्षिलं नव्हतं.

संध्याकाळी नाकामलमध्ये, कावा प्यायच्या बैठकघरात, मोठ्या माणसांसमोर हे मांडलं. मामा म्हणाले, भाच्या, ते दर पावसाळ्यात पडतं, पान असो नसो. बाकीच्यांनी करवंट्या पुढे केल्या आणि विषय याम कंदांवर गेला. गावाला आपली ताकद अजून कळलेली नाही.

निवेदनावर नव्या मंत्र्याचं नाव घातलं. जुना तसाही कमकुवत होता.

२ डिसेंबर, मंगळवार

विमानाचा आवाज डोंगरापलीकडून येतो. मंगळवारी आणि शुक्रवारी. लोक काम थांबवून ऐकतात आणि मग माझ्याकडे बघतात.

निर्णय: शिष्टमंडळ पाठवायचं. पाच तारखेला खोबऱ्याची बोट येतेय. मामा विलाला जातील, निवेदन मंत्र्याच्या हातात देतील. अर्थकारणाच्या भागासोबत नमुना म्हणून एस्तेरचा एक खेकडासुद्धा.

मामा म्हणाले, मी गेलो आणि तुझा मंत्री इकडे आला, तर पान काढणार कोण?

म्हटलं, मंत्री आधी तुम्हालाच भेटेल. दोघं एकाच विमानाने या.

मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांना हल्ली कमी दिसतं.

जेवताना एल्सी म्हणाली, बाबा, मीही मामाआजोबांबरोबर बोटीने जाऊ का? विलाला त्यांच्या मुलाकडे राहीन, कॉलेज सुरू होईपर्यंत. डोरीन म्हणाली, जाऊ दे तिला.

म्हटलं, खोबऱ्याच्या पोत्यांवर बसून ओकत जाणार? तालिवोआच्या एजंटची मुलगी? अजून दोन महिने आहेत. तू विमानाने जाशील.

५ डिसेंबर

समुद्र शांत. मामांना होडीत उचलून ठेवलं, खेकड्याची टोपली पायाशी. मी किनाऱ्यावरून दोन शब्द बोललो.

एल्सीही आली होती. तिच्या पाठीला पिशवी होती. मी विचारलं, पिशवी कशाला? म्हणाली, सहज. बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी होती.

डोरीन दिवसभर माझ्याशी बोलली नाही. उन्हाने डोकं दुखत असेल.

२० डिसेंबर

टेकडीवर मामांचा फोन आला! तेरा दिवस खात्याच्या बाकावर बसले. म्हणाले, भाच्या, मंत्री भेटला.

मी ओरडलोच. काय म्हणाला?

मामा म्हणाले, तो जुना. तोही त्याच बाकावर बसला होता, नव्याला भेटायला. भला माणूस. त्याला खेकडा दिला.

आणि निवेदन?

ते नव्याच्या टेबलावर आहे. त्याच्यावर पंखा ठेवलाय, कागद उडू नयेत म्हणून.

टेबलावर पोहोचलं! ही निम्मी लढाई.

परत कधी येताय विचारलं. मामा म्हणाले, इथे डॉक्टरने डोळे तपासले, जानेवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन फुकट करतोय. नळाला पाणी आहे. कावा मात्र पातळ.

२५ डिसेंबर

ख्रिसमस. दुकानात तांदूळ नाही, डबाबंद मासे नाहीत. सगळं वालुरेला उतरतं आणि तिथेच संपतं. पोरं दरवर्षी घरोघर गात फिरतात, यंदा आमच्या घरी आली नाहीत. शेवटचं घर पडतं आमचं, दमली असतील.

३ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प:
१. संयम.
२. भाग तिसरा, सरकार, पूर्ण करणे.
३. कावा दोन करवंट्यांवर आणणे.

भाग तीन लिहायला घेतला. राजधानीत बावन्न खासदार. सव्वीस इकडे आणि सव्वीस तिकडे झाले की एखादा सकाळी नाश्त्याला इकडे असतो आणि जेवायला तिकडे, आणि तो उठला की सरकार उठतं. मंत्री बदलतात, कारकून राहतात. म्हणून खरी सत्ता गावात आहे. गावात प्रमुख आणि प्रमुखाच्या खालोखाल एजंट. प्रमुख सध्या विलाला.

म्हणजे सध्या मीच सरकार आहे. हे वाक्य खोडलं. मग परत लिहिलं.

१२ जानेवारी

गवत कमरेएवढं. दर गुरुवारी गावातल्या बायका कापायच्या, पण पानाच्या आत आता कुणी पाय ठेवू शकत नाही. चर्चची गाय शिरली, तिला पान कळत नाही. कुणी आणायला जाऊ शकत नाही. परवा ती तिथेच व्यायली. सगळे कडेला उभे राहून वासरू बघतात. वासरू बघायला आलेल्यांना मी निवेदनाबद्दल सांगतो.

रेडिओ: विमान खात्याला पुन्हा नवा मंत्री. तिसरा. नाव बदलून पुन्हा लिहिलं. कार्बन कागद संपला, तो आता वालुरेला मिळतो.

१९ जानेवारी

घरात वाद. एल्सी म्हणाली, बाबा, तीन आठवडे उरले. आई आणि मी उद्या चालत वालुरेला जातो. नद्या अजून गुडघाभर आहेत. मावशीकडे राहीन, तिथून विमान धरीन.

म्हटलं, आणि लेव्ही तुला काखेत धरून उचलणार? माझ्या मुलीला? सगळं वालुरे बघायला जमेल. म्हणतील, सायलसने पान लावलं आणि स्वतःची पोरगी आमच्या धावपट्टीवरून पाठवली. दहा आठवडे गाव माझ्यामागे उभं आहे ते कशासाठी?

एल्सी म्हणाली, बाबा, मागे वळून बघितलंत का कधी?

उलट बोलायला शिकली आहे. शहरात उपयोगी पडेल.

तोडगा मात्र मी काढला. पान काढायचं, पण फोनवरून. मोठ्या माणसांना टेकडीवर नेलं, मामांना फोन लावला, स्पीकर चालू केला. मामांनी विलाहून पान काढायचे सगळे शब्द म्हटले, मध्ये एकदा नर्सला थांब म्हणाले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग सर्वांत म्हातारे होते ते म्हणाले, छान झालं. पण पान हाताने लावलंय, कानाने कसं निघेल? आणि डुक्कर?

सगळे खाली उतरले. फोनचं चार्जिंगही गेलं.

एल्सीला सांगितलं, एक आठवडा थांब. मी एजंट म्हणून सांगतोय. ती थांबली.

२७ जानेवारी

पाऊस. सहा दिवस. मंत्री अशा हवेत येणार नाही हे उघड आहे. दोष माझा नाही, हवेचा.

१ फेब्रुवारी

वादळ बेटाच्या उत्तरेने जाणार असं रेडिओने सांगितलं, ते दक्षिणेने गेलं. केळी आडवी. टेकडीपलीकडचा टॉवर पडला, फोन बंद. आमच्या घराचं अर्धं छप्पर गेलं. नामेलेच्या पानांना काही झालं नाही.

४ फेब्रुवारी

पहाटे डोरीन आणि एल्सी निघाल्या. मला विचारलं नाही. मी दारात उभा राहून म्हटलं, वालुरेला माझं नाव सांगा, लेव्ही जागा देईल. डोरीन म्हणाली, तुमचं नाव सांगितलं नाही तर देईल.

६ फेब्रुवारी

दोघी परत आल्या. दुसरी नदी. एल्सी गळ्यापर्यंत पाण्यात गेली, पिशवी डोक्यावर धरून. डोरीनने तिला केसांना धरून मागे ओढलं. पिशवी गेली. कॉलेजचं पत्र पिशवीत होतं.

एल्सी चुलीपाशी बसली आहे. मी म्हटलं, कॉलेज थांबेल. वादळ सगळ्यांनाच कळलं असेल. तिने चुलीत एक लाकूड सरकवलं.

९ फेब्रुवारी

आज कॉलेज सुरू झालं.

असं एका दिवसात काही सुरू होत नसतं. पहिला आठवडा नुसती नावं लिहितात.

१३ फेब्रुवारी

टेकडीवर गेलो. टॉवर नाही तर रेंज कुठली. तरी दोन तास बसलो. तिथून धावपट्टी दिसते. वासरू मोठं झालंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मामा आले. चालत. एका डोळ्यावर पट्टी, हात लेव्हीच्या खांद्यावर. शुक्रवारी विमानाने वालुरेला उतरले. लेव्हीने त्यांना दोन रात्री घरी ठेवून घेतलं आणि नद्या उतरल्यावर स्वतः घेऊन आला.

एकोणीस वर्षांत लेव्हीला मी पहिल्यांदाच समोर बघितलं. बारीक माणूस आहे. काखेत धरून माणसं उचलतो असं वाटत नाही.

त्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पत्र काढलं. एल्सीचं. कॉलेजने दहा तारखेला लिहिलेलं: सोळापर्यंत काही कळवलं नाहीत तर बेटाची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल.

लेव्ही मला म्हणाला, सायलसभाऊ, तेराच्या विमानाने आलं होतं. दोनदा निघालो घेऊन. पहिल्या नदीवरून परत फिरलो. फोन असता तर कुणाकडून तरी कॉलेजला कळवलं असतं. इथलं टपाल तुमच्या धावपट्टीवर उतरलं असतं तर त्याच दिवशी मिळालं असतं हो.

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

एल्सीने पत्र वाचलं. विचारलं, पुढची मुलगी कोण?

लेव्ही जमिनीकडे बघत म्हणाला, माझी पुतणी आहे. शुक्रवारी गेली. जाताना रडली, म्हणाली ही जागा माझी नाही. पण पोरी, जागा रिकामी ठेवली असती तर बेटाचीच गेली असती.

एल्सी म्हणाली, बरं केलं गेली ते. मग आत जाऊन त्याच्यासाठी भाजलेला याम घेऊन आली.

२७ फेब्रुवारी

पान निघालं.

डुक्कर आमचाच. डोरीनने नऊ वर्षं हाताने भरवून वाढवलेला, एल्सीच्या लग्नासाठी ठेवलेला. सुळा अजून पूर्ण गोल झाला नव्हता. मामांनी हात फिरवून बघितला, म्हणाले चालेल. डोरीनने दोरी आणून माझ्या हातात दिली आणि बागेत निघून गेली.

मामांनी पानं उपटली. मी भाषण तयार केलं होतं. कुणी थांबलं नाही, मांस वाटून झाल्यावर सगळे गेले. गाय मात्र बाहेर यायला तयार नव्हती.

३ मार्च

बायकांनी चार दिवस गवत कापलं. एस्तेर कापता कापता मोठ्याने म्हणाली, एकाच्या वजनापायी सगळं गाव खाली बसलं. हशा. माझं वजन एकाहत्तर किलो आहे, फार नाही.

धावपट्टी पूर्वीसारखी हिरवी झाली. काटा पुसून बाहेर ठेवला. मंगळवार होता. विमान डोंगरापलीकडे गेलं.

६ मार्च

टॉवर दुरुस्त झाला. खात्याला फोन लावला. बाई चांगलं बोलली. म्हणाली, तुमची धावपट्टी तीन महिने बंद होती, म्हणून यादीतून काढली आहे. यादीत परत घालायला इन्स्पेक्टरने तपासावी लागते.

म्हटलं, पाठवा त्यांना.

म्हणाली, ते विमानानेच येतात.

म्हटलं, येऊ द्या, गवत कापलंय.

म्हणाली, यादीत नसलेल्या धावपट्टीवर विमान उतरवता येत नाही.

म्हटलं, मग वालुरेला उतरून चालत या.

ती म्हणाली, दोन दिवस जायला, दोन यायला. साहेबांना एवढा चालायचा भत्ता नाही. तुमची चालू झाली की कळवा, मग तिथेच उतरून तपासतील.

मी विचारलं, माझं निवेदन पोहोचलं का? तिने कुणाला तरी विचारलं. परत येऊन म्हणाली, कुठल्या मंत्र्याच्या नावाने होतं?

१४ मार्च

एल्सी उद्या वालुरेला मावशीकडे राहायला चालली. कायमची नाही, असं डोरीन म्हणते. पुढच्या वर्षीचा अर्ज तिथल्या पत्त्यावरून करणार. लेव्हीने तिला टपालाच्या कामाला ठेवलंय, पाकिटं लावायला. डोरीनही पोहोचवायला जाते आहे. कधी परतणार ते बोलली नाही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी एल्सीने एक कागद पुढे ठेवला. पत्ता बदलायचा तर जुन्या गावच्या एजंटचा दाखला लागतो. हा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, प्रमुखालाही नाही. मजकूर तिने सांगितला, मी लिहीत गेलो. तालिवोआ येथे विमान येत नाही. टपाल येत नाही. अर्जदार यापुढे येथे राहत नाही.

मी विचारलं, पहिल्या ओळीत ‘सध्या’ घालू का? सध्या विमान येत नाही?

ती म्हणाली, नको बाबा. खाली तारीख घाला फक्त.

तारीख घातली.